दोन ढालींतली एक

तुम्ही माझ्या भावाला माझ्या आवाजात 'नाही' म्हणालात. मला न विचारता, माझ्या पाठीमागं, माझ्याच तोंडानं.

हे असं चारचौघांत लिहायची पाळी आली, कारण तुमच्या तक्रारीच्या पानावर 'प्रकार निवडा' म्हणून जी यादी आहे तिच्यात याला जागा नाही. तिथं आहे : खेळ अडकतो, चित्र थरथरतं, आवाज तुटतो, पासवर्ड विसरलो. 'तुमच्या यंत्रानं माझ्या सख्ख्या भावाला मरायला मोकळं सोडलं' असा रकाना नाही. तुमचं नाव इथं लिहीत नाही. नाव दिसलं की तुमचे वकील नावावर झडप घालतात आणि प्रश्न बाजूला राहतो. 'बारा खिंडी' खेळणारी लाखो माणसं आहेत. मी कुणाला बोलतेय ते त्यांना बरोबर कळेल.

मी पद्मजा मगदूम. वय एकोणपन्नास, राहणार जयसिंगपूर. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी खोलून त्यांची तार पुन्हा गुंडाळून देते. माझा धाकटा भाऊ सन्मती अकोल्यात बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. मधे सहाशे किलोमीटर. आणि आमच्या घरात फोनवर तब्येत विचारतात, सांगत नाहीत. "बरंय?" "बरंय. तू?" "बरंय." झालं, ठेवा फोन. आई गेल्यावर तर तेवढंही जड व्हायला लागलं. तेव्हा सन्मतीच म्हणाला होता, "अक्का, काहीतरी खेळत जाऊ की. हातात काम असलं की तुझं तोंड आपोआप सुटतं."

म्हणून 'बारा खिंडी'. अकरा वर्षं, रोज संध्याकाळी सात ते आठ. ज्यांनी असले खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. यात आपण एक माणूस होतो आणि एका बनावट मुलखात जगतो. मी तुळसा, लढणारी, एक ढाल हातात आणि एक पाठीवर. सन्मती म्हणजे नेमा, झाडपाल्याची औषधं देणारा वैदू. कानाला यंत्र लावायचं, बोलत बोलत डोंगर चढायचे. वाटेत कुणाशी भांडायचं, कुणाला वाचवायचं, कुठं मुक्काम करायचा, सगळं आपण ठरवायचं.

पण एकाला जे आवडतं ते दुसऱ्याला आवडेलच असं नाही. मला लढाई आवडते. सन्मतीला गप्पा. वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाच्या ओसरीवर हा बसणार, त्याची सात पिढ्यांची कहाणी ऐकणार. कुणाला भटकंती हवी असते, कुणाला घर बांधायला आवडतं. कुणाला वाटतं आपलं पात्र मेलं की कायमचं मेलं पाहिजे, कुणाला ते सहन होत नाही. म्हणून तुम्ही दर पाडव्याला एक मागणीपत्रक पाठवत होता. प्रत्येक गोष्टीला शून्य ते दहा गुण द्यायचे. एका जथ्यातल्या सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढून त्या वर्षीचा खेळ तुम्ही तसा बनवायचात.

आता आमची चूक सांगते. लपवत नाही.

आमची आई आमटी करताना विचारायची, "तिखट किती टाकू?" सन्मती म्हणायचा, मूठभर. मी म्हणायची, अजिबात नको. आई मधलं काहीतरी टाकायची आणि ते दोघांनाही आवडायचं. मगदुमांच्या घरात मनातला आकडा कुणी पहिल्यांदा सांगतच नाही. समोरचा किती ताणणार ते ओळखायचं आणि आपण उलट्या बाजूला तेवढंच ताणायचं. मागणीपत्रकही आम्ही असंच भरायचो, अगदी हसत हसत.

"काय रे, गप्पांना किती टाकतोस?"

"दहा."

"लाज वाटत नाही? मागच्या साली त्या जात्यावरच्या म्हातारीनं पाऊण तास सुनेची गाऱ्हाणी सांगितली. मी तलवार हातात धरून उभी, बाहेर दरोडेखोर वाट बघून कंटाळले!"

"सुनेचंच चुकत होतं पण."

"मी शून्य टाकते."

"टाक. म्हणजे पाच येतील. तुला पाचच हवेत, मला ठाऊक आहे. लढाईला किती?"

"दहा."

"मग माझं शून्य."

असं दर वर्षी. माझ्या शून्याचा अर्थ पाच होता, आणि हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी तुम्ही 'दुभाष्या' आणलात. जाहिरात आठवते मला : 'तडजोड संपली. आता प्रत्येकाला शंभर टक्के आपला खेळ. तरीही सोबत!' खाली अटी होत्या, वाचायला बसलं तर दिवस जाईल एवढ्या. सन्मतीनं मान्य केलं, मीही मान्य केलं. त्या पाडव्याला पत्रक आलं तेव्हा आम्ही नेहमीसारखी घासाघीस केली आणि नेहमीसारखंच भरलं. सरासरी बंद झाली हे आमच्या डोक्यातच आलं नाही. कारण सरासरी काढणारं कुणीतरी मधे असतंच, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो.

दुभाष्या काय करतो ते मला गेल्या महिन्यात कळलं. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगते, कारण तुमच्या भाषेत ते मुद्दाम कळू नये असं लिहिलंय.

ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. ती एकमेकांना चिकटलेली नसतात. एकातला विजेचा चढउतार लोखंडातून दुसऱ्यात उमटतो. दुसऱ्या बाजूला वेढे जास्त असले तर दाब वाढतो, कमी असले तर उतरतो. इकडची वीज जशीच्या तशी तिकडे जात नाही, तिकडे नवी उठते. दुभाष्याचं तसंच. सन्मती बोलला की त्याचा आवाज माझ्या कानापर्यंत येतच नव्हता. यंत्र त्या बोलण्यातला हेतू काढून घ्यायचं : मागतोय, चिडलाय, घाबरलाय, आभार मानतोय. मग तोच हेतू माझ्या आवडीच्या खेळात, माझ्या आवडीच्या शब्दांत, सन्मतीच्या आवाजात नव्यानं बनवून माझ्या कानात सोडायचं. त्याच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याची माझ्याकडे एक आरोळी व्हायची. माझ्या एका आरोळीचं त्याच्याकडे अर्ध्या तासाचं बोलणं व्हायचं. कारण माझ्या गप्पा शून्य आणि त्याच्या दहा.

फक्त ट्रान्सफॉर्मर आपल्या मनानं वीज तयार करत नाही. आहे तेवढीच फिरवतो. तुमच्या यंत्राला कमी पडलं की ते स्वतःच्या पदरचं घालत होतं.

आणि मी खूश होते! हे लिहिताना तोंडाची चव जाते. चार वर्षं मला वाटत राहिलं, सन्म्या सुधारला. पूर्वी लढाईत मागं राहून मुळ्या उपटत बसणारा माझा भाऊ आता माझ्या खांद्याला खांदा लावून खिंड लढवतोय. बडबड कमी झाली, हात चालायला लागला. मी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायची, आमचा सन्मती आता काय लढतो म्हणून सांगू.

फेब्रुवारीतली ती संध्याकाळ मला आठवते. आठवते म्हणजे लढाई आठवते. आम्ही नवव्या खिंडीत होतो, समोरून बाण येत होते. नेमा माझ्याजवळ सरकला आणि म्हणाला, "अक्का, माझी ढाल फुटली. तुझ्या दोन ढालींतली एक दे."

मी म्हणाले, "शहाणाच आहेस. पाठीवरची काढली तर पाठ उघडी पडेल माझी. मागं थांब की जरा!"

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. पुढची चकमक आम्ही जिंकली. आठ वाजता मी कानातलं काढलं आणि भाकऱ्या थापायला बसले.

मे महिन्यात दुपारी श्रुतीचा फोन आला. श्रुती म्हणजे सन्मतीची बायको, अकोल्याचीच. ती कधी मला फोन करत नाही, म्हणून मी हातातली तार खाली ठेवली.

"अक्का, आईंना साखरेचा त्रास होता का? फॉर्मवर लिहायचं आहे."

"कसला फॉर्म?"

"प्रतीक्षायादीचा. नागपूरच्या हॉस्पिटलातला."

"कुणाची प्रतीक्षा? काय बोलतेस श्रुती?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अक्का, नका ना असं करू. तुम्ही नाही म्हणाल्या, मी एका शब्दानं बोलली नाही. आपलं शरीर आहे, आपली मर्जी आहे. पण आता काही माहीतच नसल्यासारखं काहून बोलता?"

दोन गाड्या बदलून मी दुसऱ्या दिवशी अकोल्यात पोचले. दार सन्मतीनंच उघडलं. मी त्याला ओळखलं ते उंचीवरून. चेहरा सुजलेला, रंग मातकट, डाव्या मनगटावर सुया टोचायची जागा दोरासारखी फुगलेली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवून घ्यायचं. नोव्हेंबरपासून.

"नोव्हेंबरपासून?" मी म्हणाले. "आणि मला सांगितलं नाहीस?"

तो हसला. "अक्का, पहिल्या दिवसापासून तुलाच तर सांगतोय. श्रुतीच्या आधी तुला सांगितलं."

"कधी?"

"रोज. सात ते आठ."

मी खाली बसले. श्रुतीनं पाणी आणून दिलं आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली, माझ्याकडं न बघता.

"सन्म्या, तू माझ्याकडं ढाल मागितलीस," मी म्हणाले. "फेब्रुवारीत. दोनातली एक ढाल. दुसरं तू माझ्याकडं काहीही मागितलेलं नाहीस."

"ढाल?" त्याला खरंच हसू आलं. "माझ्या खेळात ढालच नाही गं. चार वर्षांत मी तलवार बघितलेली नाही. लढाईला मी शून्य टाकतो ना, तू दहा टाकतेस म्हणून."

बोलता बोलता तो थांबला. मीही थांबले. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. पाच, पाच, पाच. दोघांच्याही डोक्यात तेच चाललेलं.

त्याच्या खेळात लढाईच नव्हती. त्याच्या खेळात तुळसा आणि नेमा रोज संध्याकाळी एका धर्मशाळेच्या पायरीवर बसायचे आणि बोलायचे. चार वर्षं. ज्यांना गप्पा आवडतात त्यांच्यासाठी तुम्ही बोलण्याची वही ठेवता, सगळं लिहिलेलं राहतं, आवाजासकट. त्यानं ती माझ्यापुढं धरली. फेब्रुवारीतलं ते पान मी वाचलं.

त्यानं लिहिलं नव्हतं, तो बोलला होता. मला विचारलं होतं. फिरवून, लाजून, मधे शेतातल्या ढोबळ्या मिरचीचा विषय काढून, शेवटी एकदाचं म्हटलं होतं, "अक्का, तुझ्या दोनातलं एक देशील का?"

आणि खाली मी. पानभर मी. इतकी गोड, इतकी समजूतदार. 'सन्मती, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला गुंगीची भीती वाटते. डोळे मिटले की परत उघडतील याचा मला भरवसा नाही. एवढी एक गोष्ट माझ्याकडं मागू नकोस. बाकी जन्मभर तुझ्यासाठी काहीही करीन.'

मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कारण ते खरं होतं.

आईला पित्ताशयाच्या ऑपरेशनला आत नेलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, झोप, मी इथंच आहे. ती गुंगीतून उठलीच नाही. तेव्हापासून मी दातसुद्धा भूल न घेता काढून घेतला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सन्मतीला तर नाहीच. मग तुमच्या यंत्राला कुणी सांगितलं? विचार करून करून मला एकच सापडलं. तुमच्या खेळात जखमी झालं की वैदूचा गुंगीचा काढा पिऊन निजायचं असतं, एका रात्रीत जखम भरते. अकरा वर्षांत तुळसानं तो काढा एकदाही प्यायला नाही. रक्त गळत असताना चालत राहिली. तुम्ही ते मोजलंत. माझ्या मनातलं मी बंद करून ठेवलेलं दार तुम्ही खेळताना उघडलंत आणि आतलं काढून माझ्या भावाला वाढलंत.

"हे खोटं आहे?" सन्मतीनं विचारलं.

"मी बोललेच नाही यातलं."

"ते कळलं. पण खोटं आहे का?"

मला खोटं बोलता येत होतं. बोलले नाही. "भीती खरी आहे," मी म्हणाले.

"मग उत्तरही खरंच असणार की."

"उत्तर मी दिलेलं नाही, सन्मती!"

तो बराच वेळ त्या वहीची पानं पुढंमागं करत राहिला. मग म्हणाला, "ती मला रोज विचारायची, आज जेवलास काय. डॉक्टर काय म्हणाले. आईबद्दल बोलली ती. ज्या दिवशी बोलली त्या दिवशी मी रडलो, श्रुतीला विचार. तू इतक्या वर्षांत कधी विचारलंस, जेवलास काय म्हणून?"

"नाही."

"मग कोण होती गं ती?"

एकाच खोलीत बसून माझा भाऊ माझ्यासमोर बहीण गमावत होता, आणि ती मी नव्हते.

"मी देते," मी म्हणाले. "आत्ता, तुझ्यासमोर, माझ्या तोंडानं सांगते. तपासण्या करू. जुळलं तर देते."

"तिनं नाही म्हटलं तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही," तो म्हणाला. "एवढं समजावून सांगितलं तिनं. तू हो म्हणतेस तर भीती वाटते बघ. गाडीतून उतरलीस आणि फेकून मारल्यासारखं हो."

"माझं असंच असतं."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या जुन्या आवाजात हसला. "माहीत होतं. विसरायला झालं होतं."

भिंतीजवळून श्रुती म्हणाली, "तपासण्या उद्याच करा. दोघं भांडा काय करायचं ते मग."

जुळलं. रक्तगट, बाकी जे काय बघतात ते सगळं. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण वाढतोय, सप्टेंबरच्या आत करायला हवं. त्यानंतर हे शरीर एवढं मोठं ऑपरेशन झेपवेल असं ते सांगू शकत नाहीत.

राहिली परवानगी समिती. तीन माणसं, एक कॅमेरा. मधे बसलेल्या डॉक्टरबाई वयस्क होत्या, चांगल्या होत्या. त्यांच्यापुढच्या फायलीत वहीतलं ते पान होतं. श्रुतीनंच जोडलं होतं मार्चमध्ये, यादीसाठी पहिला अर्ज करताना. घरातून दाता का मिळत नाही याचा पुरावा द्यावा लागतो म्हणून. नव्या नियमाप्रमाणे एकदा नकार दिलेला माणूस पुन्हा तयार झाला, तर त्याच्यावर दबाव आलेला नाही हे लेखी सिद्ध व्हावं लागतं. नियम वाईट नाही. सासरच्यांनी, माहेरच्यांनी बायकांना ढकलत टेबलावर नेऊन झोपवल्याची उदाहरणं काय कमी आहेत?

"पद्मजाताई, हे तुमचे शब्द आहेत?"

"नाहीत."

"आवाज तुमचा आहे. आम्ही ऐकला."

"आवाज माझा आहे, शब्द यंत्राचे आहेत."

"पण यातली भीती? ती तुम्हाला आहे?"

कॅमेरा चालू होता. मी म्हणाले, "आहे."

बाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही त्या दिवशी प्रत्यक्षात काय म्हणाला होतात?"

"त्यानं ढाल मागितली. मी म्हणाले, पाठ उघडी पडेल, देत नाही."

शेजारचे गृहस्थ लिहीत होते, त्यांनी मान वर केली. "म्हणजे नाहीच म्हणालात की."

मी खुर्चीवरून उठले. "साहेब, ढालीला नाही म्हणाले! कुणी तुमच्याकडं पेन मागितलं, तुम्ही दिलं नाही, म्हणून उद्या तुमच्या मुलानं रक्त मागितलं तर तुमचं उत्तर आम्ही लिहून टाकायचं?"

"बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला तुमचं पटतंय. पण माझ्या पटण्यावर सही होत नाही. कंपनीकडून लेखी आणा. यातलं कोणतं वाक्य तुमचं, कोणतं यंत्राचं. मूळ आवाज असेल तर तो आणा. पुढची बैठक एकोणीस तारखेला."

म्हणून मी तुम्हाला लिहिलं. सन्मतीनंही लिहिलं, त्याच दिवशी, तोच प्रश्न. मला तुमचं उत्तर आलं तीन ओळींचं : 'आपला अनुभव आपण नोंदवलेल्या पसंतीनुसार होता. नोंदी गोपनीय आहेत. धन्यवाद.' सन्मतीला आलं तीन पानांचं. त्यात त्याच्या आजारपणाबद्दल सहानुभूती होती, भावाबहिणीच्या नात्याबद्दल एक परिच्छेद होता, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी तेच होतं. नोंदी गोपनीय आहेत. म्हणजे नकार देतानासुद्धा तुम्ही मागणीपत्रक उघडून बघितलंत!

शेवटी तुमचा एक जिवंत माणूस फोनवर मिळाला. जिवंत असावा, कारण तो वैतागला. म्हणाला, "मॅडम, एकाला मूळ आवाज दिला की उद्या सगळेच मागतील. लोकांची लग्नं जमलीत या खेळात. मोडलीत पण. काय काय उघडायचं आम्ही?"

मी म्हणाले, "सगळं."

तो म्हणाला, "आणि शून्य तुम्हीच टाकलं होतंत."

टाकलं होतं. माझी चूक मी वर लिहिलीय, पुन्हा मान्य करते. मला रडगाणी नकोत, लांबण नको, पाऊण तासाची म्हातारी नको, असं मी दहा वेळा म्हटलंय आणि दहा वेळा म्हणेन. पण एखादीला खेळात गप्पा कमी आवडतात म्हणून तिला भावाचा जीव कमी आवडतो, हे गणित कुठल्या शाळेत शिकलात? मी करमणुकीला गुण दिले होते. माणसाला दिले नव्हते.

आणि एक सांगते, जे ना समितीला सांगितलं, ना सन्मतीला. फेब्रुवारीत त्यानं मला खरंच विचारलं असतं, त्याच्या त्या अडखळत्या आवाजात, मिरचीचा विषय काढून, तर मी काय म्हणाले असते मला माहीत नाही. कदाचित नाही म्हणाले असते. भ्याले असते, चिडले असते, फोन आपटला असता. आठ दिवस तोंड दाखवलं नसतं. मग कदाचित गाडीत बसले असते. कदाचित बसले नसते. ते आठ दिवस माझे होते. त्या आठ दिवसांत मी कोण आहे ते मला कळणार होतं. तुम्ही ते अर्ध्या तासात उरकलंत, छान शब्दांत, आणि मी भाकऱ्या थापत होते.

आज मी हो म्हणतेय ते मनापासून, की तुम्ही माझ्या नावावर टाकलेला तो नकार पुसायचा म्हणून, हे मला आता जन्मात कळायचं नाही. ते तुम्ही नेलंत ते नेलंत. भरून द्या असं म्हणत नाही, ते तुमच्या आवाक्यातलं नाही.

एकच मागतेय. त्या संध्याकाळचा सन्मतीचा मूळ आवाज आणि माझा मूळ आवाज, यंत्रानं हात लावायच्या आधीचा. नसेल ठेवला तर 'आम्ही पुसला' असं लिहून द्या. खाली सही माणसाची हवी. मला तीन ओळींत नको, सन्मतीला तीन पानांत नको. दोघांना एकच कागद द्या. आमच्या पसंतीचा नसला तरी चालेल.

समिती बुधवारी, एकोणीस तारखेला, सकाळी अकराला बसते. माझ्या भावाकडं सप्टेंबरपर्यंतचा वेळ आहे, तुमच्याकडं बुधवारपर्यंतचा.

तो आवाज तुमच्याकडं आहे की नाही?